आमची गाडी ओढते

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी कट्ट्याच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या टेम्पोला मी मोटारसायकलवरून तीन प्रदक्षिणा घातल्या. टेम्पोत नारळ होते, पण माझा नवस वगैरे काही नव्हता. मला फक्त थांबायचं होतं आणि ते जमत नव्हतं.

पहिल्या फेरीला रिक्षा स्टँडवरून हाक आली, "काय रे, खंय चललंस?"

आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसतं, पण थांबणं अपेक्षित असतं. मी डाव्या हाताने क्लच पार मुठीत आवळला होता, उजव्या पायाने ब्रेक चाचपत होतो आणि गाडी आपली बैलगाडीच्या चालीने पुढे सरकत होती. मी हात वर करू शकत नव्हतो म्हणून मान हलवली. दुसऱ्या फेरीला तोच माणूस उभा राहिला. "थांब तरी मेल्या!"

"थांबाक येणा नाय!" मी ओरडलो. "ओढता!"

"काय ओढता?"

याचं उत्तर मी तिसऱ्या फेरीला दिलं, पण येझदीच्या एका सिलिंडरला दोन सायलेन्सर असतात आणि आमच्या दोन्हींत आतलं काही शिल्लक नाही. त्यामुळे 'क्लच' हा शब्द धुरात गेला आणि 'ओढता' तेवढा स्टँडवर पोचला.

कोणी म्हणेल, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं. असं म्हणणाऱ्याने जुनी गाडी पाळलेली नाही. जुन्या गाडीचं चालू इंजिन हे झोपलेल्या तान्ह्या मुलासारखं असतं, आहे त्या स्थितीत हात लावायचा नाही. तरी ते शेवटी बंद पडलंच. चौथी फेरी सुरू होता होता पुढचं चाक एका मासेवाल्या काकीच्या टोपलीला हलकेच टेकलं आणि गाडी खाडकन थांबली. टोपली कलंडली, बांगडे रस्त्यावर आले.

काकीने आधी बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आता घे सगळे," एवढंच म्हणाली.

पिशवी घेऊन घरी आलो. बायकोने विचारलं, "आज वार काय?"

"सोमवार."

"महिना?"

"श्रावण."

"मग हे काय?"

"क्लच," मी म्हणालो.

बांगडे शेजारी गेले. शेजारी श्रावण पाळत नाहीत, आणि त्या दिवसापासून आमच्या गाडीबद्दल त्यांचं मत फार चांगलं आहे. संध्याकाळी मात्र सासुरवाडीहून फोन आला. सासूबाई इकडचं तिकडचं बोलल्या, पावसाचं विचारलं, भाताचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून लेकीला म्हणाल्या, "जावय ओढतत म्हणे. भर बाजारात वरडान सांगत होते." काय ओढतात याबद्दल बाजारात दोन मतं होती. बिडी हे सौम्य मत होतं.

तर ही गाडी. १९७९ची येझदी. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ला, म्हणजे आमची गाडी जिल्ह्याहून दोन वर्षांनी मोठी आहे आणि वागतेही तशीच. थोरल्या काकांनी घेतली तेव्हा टाकीवर येझदी लिहिलेलं असलं तरी सगळं जग तिला जावाच म्हणायचं. कारण म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१पासून ज्या गाड्या निघत त्या मूळच्या चेक 'जावा'. येझदी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. काकांनी पत्र पाठवलं, 'जावा घेतली आहे, घेऊन येतो.' आजीने पत्र वाचून घेतलं आणि विचारलं, "लगीन कधी झाला तेचा?" घरात सुना म्हणजे एकमेकींच्या जावा, आजीला दुसरी जावा माहीत असण्याचं कारण नव्हतं. काका गाडी घेऊन आले तेव्हा ती ओवाळणीचं ताट घेऊन दारात उभी होती असं सांगतात. ओवाळणी फुकट जाऊ नये म्हणून गाडीला ओवाळलं.

काका गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. घराच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. गाडीच्या पुस्तकावर एकच, काकांचं. कागदपत्रांचा विषय मी इथेच थांबवतो.

या गाडीची एक खोड समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साध्या गाडीत हाताने क्लच दाबायचा आणि पायाने गिअर टाकायचा. येझदीत गिअरचा दांडा पायाने दाबलात की तो दांडाच आतून क्लच सोडवतो; हात लावला नाहीत तरी चालतं. वर तोच दांडा आत दाबून फिरवला की किक होतो. (कोणी गाडी मागायला आलं तर मी खुशाल देतो. अर्धा तास किक शोधून माणूस पायी जातो.) म्हणजे एका क्लचला दोन मालक, हात आणि पाय. मालक दोन झाले की काय होतं हे कोकणात समजावून सांगायची गरज नाही. हात म्हणतो पायाने सोडवावा, पाय म्हणतो हाताचं काम आहे, आणि मधल्या मधे क्लच कोणाचंच ऐकत नाही.

आमचा क्लच सुटत नव्हता. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या प्लेटा, एक बुचाची, एक लोखंडाची. स्प्रिंगांनी घट्ट दाबून धरलेल्या असल्या की इंजिनाची ताकद चाकाला जाते. लिव्हर ओढला की त्यांनी एकमेकींपासून केसभर दूर व्हायचं, एवढंच त्यांचं काम. आमच्या प्लेटा दूर होत नव्हत्या. पावसात गाडी दिवसचे दिवस मांगरात पडून राहते, तेलात बूच आणि लोखंड एकमेकांना चिकटून बसतात, आणि मग लिव्हर ओढा नाहीतर हात जोडा.

यावर एक घरगुती उपाय आहे. इंजिन बंद ठेवायचं, गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गाडी पुढेमागे हिसकायची, म्हणजे चिकटलेल्या प्लेटा सुटतात. श्रावणभर रोज सकाळी मी खळ्यात हा कार्यक्रम करत असे. अंगात बनियन, दात आवळलेले, गाडी दोन हात पुढे, दोन हात मागे. वाटेवरून शाळेत जाणारी मुलं कुंपणापाशी थांबून बघायची. एकदा एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेलं मी ऐकलं, "पयलो असो नव्हतो."

गाव कट्टा आहे हे ध्यानात घ्या. इतर गावांत कट्टा शोधावा लागतो, आमच्याकडे तो पत्त्यातच आहे. त्यातून ज्या गावात बॅरिस्टर नाथ पै सेवांगण आहे तिथे बोलणाऱ्यांची वाण कशी पडेल? आठ दिवसांत माझ्या क्लचवर तेवीस माणसांनी मत दिलं. त्यांतल्या चौघांनी गाडी पाहिली होती.

शेजारचे आबा सगळ्यांत आधी आले. मी गाडी मोठ्या स्टँडवर घेतली, सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि क्लच पूर्ण दाबून धरला. क्लच सुटत असेल तर मागचं चाक उभं राहायला हवं, निदान हाताने सहज धरता यायला हवं. चाक गरागरा फिरत होतं. आबांनी ते बराच वेळ पाहिलं.

"फिरता मां चाक?" ते म्हणाले. "मगे गाडयेक झाला काय?"

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आहेत. मालवण-कसाल रस्ता त्यांना पाठ आहे, खड्ड्यांच्या तारखांसकट. त्यांच्या मते आजकालचे क्लच हे क्लचच नव्हेत. "आमच्या येळेक क्लच दाबूचो म्हणजे सीटवरसून उठूचा लागा. कंडक्टर म्हणी, ड्रायव्हर उतारतत काय?" मग त्यांनी क्लच न दाबताच गिअर कसा टाकायचा हे सांगितलं. इंजिनचा आवाज ऐकायचा, नेमक्या क्षणी दांडा सरकवायचा. मी दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. नेमका क्षण कुठला ते मला कळलं नाही. गाडीला कळला असावा, कारण तिने जो आवाज काढला त्याने झाडावरचे कावळे उडाले. बँकेतल्या एकाने पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ठपका ठेवला. एकाने गाडीचं तोंड दक्षिणेला आहे याकडे लक्ष वेधलं. मी गाडी फिरवली. चाक उत्तरेला तोंड करून फिरू लागलं.

मेस्त्रींना मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांचं उत्तर एकच असे, "उद्या बघूया." हा माणूस अत्यंत प्रामाणिक आहे. आज येतो म्हणून त्याने कधी फसवलं नाही, तो रोज उद्याचंच सांगत आला. शेवटी गणपतीला दहा दिवस उरले असताना उद्या उगवला.

दांडा काढला, डावीकडचं कव्हर काढलं. आत डोकावून मेस्त्री काही बोलले नाहीत. मग दोन बोटं तेलात बुडवून वर उचलली. तेल खाली पडेना. काकवीसारखी लांब तार धरून ते बोटांना लटकत राहिलं.

"ह्या कोणी घातला?"

मीच घातलं होतं. गेल्या साली आबा म्हणाले होते, जाड तेल घाल, गिअरचा आवाज जाता. मी नव्वद नंबरचं घातलं होतं, आणि आवाज खरंच गेला होता. येझदीत क्लच आणि गिअर एकाच तेलात भिजतात. गिअरला जे पांघरूण, ते क्लचला चिखल. मी आबांकडे पाहिलं. आबा आकाशाकडे बघत होते. "पाऊस येतलो," म्हणाले.

मग स्प्रिंगा निघाल्या. प्रत्येकीखाली एकेक वायसर. कंपनी असं देत नाही. कधीतरी क्लच घसरत असणार, तेव्हा नव्या प्लेटा आणण्याऐवजी कोणीतरी स्प्रिंगांखाली वायसर सारून त्या ताणल्या होत्या. म्हणूनच लिव्हर ओढताना माझं मनगट भरून यायचं. "खयच्या गाढवान केला ह्या?" मेस्त्रींनी विचारलं. पडवीत आरामखुर्चीवर बाबा पेपर वाचत होते. पेपर हळूहळू वर गेला आणि त्यांचा चेहरा दिसेनासा झाला. बाबांचं म्हणणं आयुष्यभर असं होतं की त्या गाडीला त्यांनी कधी हात लावला नाही.

क्लचच्या ड्रमला प्लेटांचे कान अडकवायला उभ्या फटी असतात. प्लेटांचे कान वर्षानुवर्षं आपटून त्या फटींच्या कडांना खाचा पडल्या होत्या, आणि लिव्हर ओढला की सरकायच्या जागी कान त्या खाचांत अडकून बसत होते. हे चव्वेचाळीस वर्षांचं काम होतं, कोणा एकट्याचं नव्हे.

लोखंडी प्लेटा सपाट आहेत का ते बघायला मेस्त्रींनी काच मागितली. घरात सुटी काच कुठे असणार? बायकोने भिंतीवरचा काकांचा फोटो उतरवून दिला. मेस्त्रींनी फोटो आडवा ठेवला, हार बाजूला केला आणि एकेक प्लेट काचेवर ठेवून बोटाने दाबून पाहिली. सपाट असेल ती गप्प बसायची. प्लेटेच्या भोकातून काका वर बघत होते. तिसरी प्लेट ठेवली आणि ती टुकटुक डोलायला लागली. तापून वाकली होती. अर्धा क्लच दाबून गाडी तासन् तास चालवली की असं होतं. मला एकदम आठवलं, दहावीनंतरच्या मे महिन्यात मुंबईच्या चुलतभावाने याच गाडीवर चालवायला शिकून घेतलं होतं, तेही घाटीवर. पण तो तिथे नव्हता. नसलेल्या माणसाचं नाव घेण्याची संधी आम्ही सहसा सोडत नाही, म्हणून आबा, बाबा आणि मी तिघांनी एका आवाजात त्याचं नाव घेतलं.

म्हैसूरचा कारखाना १९९६ला बंद झाला. त्यानंतर २०२२मध्ये येझदी नव्या रूपात पुन्हा बाजारात आली; माझा मुलगा तिलाच खरी येझदी समजतो आणि आमचीला 'ती तसली' म्हणतो. जुनीच्या प्लेटा मेस्त्रींनी कोल्हापूरहून मागवल्या. एसटीच्या पार्सलाने त्या आल्या त्या गणपतीच्या आदल्या संध्याकाळी. नव्या बुचाच्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवाव्या लागतात, नाहीतर कोरडं बूच पहिल्याच दिवशी जळतं. "तेलात घालून ठेव, येतंय मी सकाळी," म्हणाले आणि मेस्त्री गणपती करायला आपल्या गावी निघून गेले. मी हुशारीने मोठा टोप शोधला. तो चुलीजवळ पालथा होता, म्हणजे रिकामा होता, म्हणजे मोकळा होता, असा माझा तर्क. तेल ओतलं, प्लेटा सोडल्या, वर झाकण ठेवलं.

पहाटे शेजारची काकी फुलं घ्यायला आली, तिने झाकण उचललं. तेलात तपकिरी, गोल, मधे भोक असलेलं काहीतरी एकावर एक रचलेलं.

"वडे तळलंस गो?" तिने बायकोला विचारलं. "गणपती येवच्या आधीच? आणि हे असले करपलेले?"

यानंतर आमच्या घरात जे झालं त्याचा गणपतीशी संबंध जोडू नये. तो टोप आता मांगरात असतो.

चाकरमानी आले तेव्हा गाडी पडवीत उघड्या पोटाने पडलेली होती. तिचे अवयव पाटावर, वर्तमानपत्रावर आणि एका सुपात मांडलेले. चारही चुलतभावांनी तिच्याभोवती फेरी मारली. वाकलेल्या प्लेटेचा कर्ता म्हणाला, "अरे, मोबाईलवर बघ ना, पाच मिनिटांत दाखवतात." त्याने मोबाईल काढला. आमच्या पडवीत रेंज येत नाही, ती फक्त विहिरीच्या काठाशी येते. तो विहिरीवर बघून यायचा आणि पडवीत येऊन विसरायचा. चौथ्या खेपेला त्याने जाहीर केलं, "सोड रे. हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. तुझीच आहे ती, काय ते तू बघ." बाकीच्या तिघांनीही मोठ्या मनाने गाडी मला देऊन टाकली. अकरा नावांच्या घरात एवढी एकमुखी वाटणी मी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर आबांनी गाऱ्हाणं घातलं. दरवर्षी तेच घालतात. घरच्यांची सुखशांती झाली, पोराटोरांच्या परीक्षा झाल्या, मुंबईच्या नोकऱ्या झाल्या आणि मग आबांची नजर पडवीकडे गेली.

"बा देवा म्हाराजा! हेंच्या थोरल्यान हौशेन घेतलेली गाडी आज, कोणाच्या नजरेन म्हणा नायतर कोणाच्या हातान म्हणा, अडान बसली आसा."

"व्हय म्हाराजा!"

"क्लचाच्यो प्लेटो येकमेकांक चिकाटल्यो आसत, त्यो सुट्यो कर."

"व्हय म्हाराजा!"

"पण देवा, ह्या भावाभावांका मातर कायम चिकटान ठेव. घर वाटूक देव नको!"

इथे 'व्हय म्हाराजा' जरा मागेपुढे आलं. दोघांना एकदम खोकला झाला. वहिनी नैवेद्याचं बघायला आत गेल्या.

गौरीगणपती बोळवून, चाकरमानी परत पाठवून, आणखी दोन 'उद्या' मोजून मेस्त्री आले. ड्रमच्या खाचा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, वायसर काढून बाबांच्या हातात दिले (बाबांनी ते मुकाट्याने खिशात टाकले), नव्या प्लेटा बसवल्या, पातळ तेल भरलं, केबलला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. स्टँडवर गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला, क्लच दाबला. मागचं चाक दोनदा फिरलं, संथ झालं आणि उभं राहिलं. मेस्त्रींनी ते एका बोटाने धरून दाखवलं.

"बंद पडला काय?" आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. लोण्यासारखा क्लच. रिक्षा स्टँडसमोर एका बोटाने लिव्हर ओढला, टाचेने न्यूट्रल लागलं, गाडी जागच्या जागी फुटफुटत उभी. "काय रे, खंय चललंस?" मी थांबलो. चहा झाला. ड्रायव्हरकाकांनी मालवणच्या स्टँडावरची १९८७ची एक गजाल सांगितली. काकीने बांगडे दाखवले; वार गुरुवार होता, तरी तिला मी परका वाटेना. पंचायतीच्या कामाची पावती करायची होती ती राहिली. निघालो तर पुढच्या दुकानावर पुन्हा हात वर झाला, आणि आता न थांबायला काही कारणच नव्हतं. घरी पोचलो तेव्हा जेवणं आटोपली होती.

रात्री मुंबईहून फोन आला. त्याच चुलतभावाचा.

"ऐकलं, गाडी एकदम झकास झाली म्हणे?"

बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली हे मी विचारलं नाही. बातमी कट्ट्याची होती.

"काकांची आठवण रे ती," तो म्हणाला. "आम्ही चौघं बोलत होतो, दिवाळीनंतर ती इकडे आणावी. प्रत्येकाकडे तीन-तीन महिने. कसंय, शेवटी गाडी सगळ्यांची."

मी थोडा वेळ गप्प राहिलो.

"नाय रे," मी म्हटलं. "अजून ओढता."

फोन ठेवला, बॅटरी घेतली आणि दहा नंबरचा पाना शोधून मांगरात गेलो. क्लच केबलचा ॲडजस्टर दोन आटे सैल केला, मग आणखी एक.

मागून मुलाचा आवाज आला, "बाबा, काय करताय अंधारात?"

"काय नाय," मी म्हटलं. "क्लच बघतंय."